जुन्या प्रोसेसरवर बिल्ड अडते तेव्हा: पूर्णांकांच्या रुंदीचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात देवगडजवळच्या एका शाळेतल्या मुलांनी जेटीवर भरती-सुकती मोजणारे यंत्र बसवायचे ठरवले. हाताशी पहिल्या पिढीचा रास्पबेरी पाय झीरो हा छोटासा संगणक होता आणि एक जुना ३२ बिटचा नेटबुक. नोंदींचे गणित करणारा ओपन सोर्स प्रोग्रॅम उतरवून घेतला, संकेतापासून (कोडपासून) चालता प्रोग्रॅम बांधणारा, म्हणजे बिल्ड करणारा, 'मेक' हा आदेश चालवला आणि पोरे वाट पाहत बसली. बऱ्याच वेळाने पडद्यावर लाल ओळ आली. तिच्यात लिहिले होते, 'इंट१२८ इज नॉट सपोर्टेड ऑन धिस टार्गेट'. नववीतली एक मुलगी मला म्हणाली, "काका, ह्यो टाइप आपणाक म्हायत नाय म्हणता तां!"

तिने अचूक सांगितले होते. कंपाइलरला तो टाइप खरोखरच माहीत नव्हता. अशा वेळी काय करायचे ते नव्या माणसाला कोणी नीट सांगत नाही, म्हणून हा लेख. टर्मिनल उघडता येत असेल आणि सी भाषेची तोंडओळख असेल, तर एवढ्यावर काम भागेल. आदेश मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. कीबोर्डवर ते रोमन लिपीतच टाइप करायचे.

मुळात अडते कुठे

३२ बिटच्या प्रोसेसरचे रजिस्टर एका वेळी सुमारे ४२९ कोटींपर्यंतची संख्या धरते. त्याहून मोठी, म्हणजे ६४ बिटची संख्या आली, की कंपाइलर तिचे दोन तुकडे करून दोन रजिस्टरांत ठेवतो. बेरीज करताना आधी खालचे तुकडे मिळवतो, हातचा घेतो आणि तो वरच्या तुकड्यांत टाकतो. आपण शाळेत उभी बेरीज मांडायचो तशीच ही रीत. त्यामुळे १९९९ च्या सी मानकाने दिलेला 'लाँग लाँग' हा किमान ६४ बिटचा टाइप जुन्या यंत्रावरही चालतो. सावकाश चालतो, पण चालतो.

१२८ बिटची गोष्ट निराळी आहे. हा टाइप सी मानकातला नाही, ती कंपाइलरने दिलेली जादा सोय आहे. जीसीसी या कंपाइलरमध्ये तो ४.६ आवृत्तीपासून, म्हणजे २०११ पासून आहे. ६४ बिटच्या यंत्रावर दोन रजिस्टरे जोडली की तो बसतो. ३२ बिटच्या यंत्रावर त्याला चार लागतील, आणि जीसीसी व क्लँग हे दोन्ही कंपाइलर ही सोय तिथे सहसा देतच नाहीत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आपल्या नव्या यंत्रावर लिहिले, तपासले, तिथे सगळे चालले. तुमच्याकडे मात्र ते अडते.

मग एवढा रुंद टाइप लोक वापरतातच कशाला? याचे उत्तर कोकणात प्रत्येक मच्छीमाराच्या घरात आहे. भरतीची वेळ काढायचा आपला ढोबळ नियम म्हणजे तिथीची पाऊणपट. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार वाजता पूर्ण भरती. आता हेच पूर्णांकांत करा आणि भागाकार आधी घ्या. पाच भागिले चार म्हणजे एक, बाकी टाकून दिली. एक गुणिले तीन, तीन वाजले. पाऊण तास हरवला. खाडीच्या तोंडावरच्या वाळूच्या दांड्यावरून होडी काढणाऱ्याला पाऊण तास फार मोठा असतो.

म्हणून गुणाकार आधी आणि भागाकार नंतर. पण गुणाकार आधी केला की मधली संख्या फुगते. ती फुगलेली संख्या ठेवायला मोठे भांडे हवे, आणि १२८ बिटचा टाइप बहुतेक वेळा हेच मधले भांडे असतो. ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पुढचा सगळा उपाय तिच्यावर उभा आहे.

पहिली पायरी: पहिली चूक शोधा

पडद्यावर शेवटी दिसते ती ओळ खरी चूक नसते. एका चुकीमागून पन्नास येतात. 'मेक डॅश-जे-१' असे एकाच कामगाराने बिल्ड चालवा, म्हणजे ओळी एकमेकींत मिसळणार नाहीत, आणि सगळे आउटपुट एका फाइलीत साठवा. मग त्या फाइलीत 'एरर' हा शब्द वरून खाली शोधा. पहिला सापडेल तो घ्या, बाकीचे सध्या सोडा. आपल्याकडे पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा फाइल साठवण्याची सवय तशीही चांगली.

दुसरी पायरी: यंत्र नेमके कोणते

इथे नवखे लोक सर्वात जास्त फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो. प्रोसेसर, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आणि वरचे प्रोग्रॅम या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिघांची रुंदी एकच असेल असे नाही.

'यूनेम डॅश-एम' हा आदेश फक्त कर्नलचे सांगतो. रास्पबेरी पायवर कर्नल ६४ बिटचे आणि वरची सगळी व्यवस्था ३२ बिटची, असा प्रकार सर्रास आढळतो. यूनेम 'एआर्च६४' म्हणतो, माणूस निश्चिंत होतो, आणि कंपाइलर मात्र ३२ बिटचाच असतो. म्हणून 'गेटकॉन्फ लाँग-अंडरस्कोर-बिट' विचारा. उत्तर ३२ आले तर तुमची व्यवस्था ३२ बिटची, मग प्रोसेसर काहीही असो. पाठोपाठ 'जीसीसी डॅश-डंपमशीन' द्या, म्हणजे कंपाइलर कोणासाठी संकेत तयार करतो तेही कळेल. 'आर्म' ने सुरू होऊन 'जीएनयूईएबीआयएचएफ' ने संपणारे नाव आले, तर ते ३२ बिटचे आर्म.

प्रोसेसर स्वतः काय करू शकतो ते 'एलएससीपीयू' सांगते. इंटेल-एएमडी वंशाच्या यंत्रावर ऑपरेशन मोडच्या ओळीत ३२ बिट आणि ६४ बिट दोन्ही दिसले, तर तुमचे नशीब चांगले. ६४ बिटची ही वाट एएमडीने २००३ मध्ये उघडली, पण नेटबुकांतले सुरुवातीचे काही ॲटम प्रोसेसर त्यानंतरचे असूनही ३२ बिटचेच होते. यंत्राच्या वयावरून अंदाज बांधू नका, विचारून घ्या.

शेवटचा प्रश्न थेट कंपाइलरला. जीसीसी आणि क्लँग दोघेही १२८ बिटचा टाइप येत असेल तरच 'साइझऑफ-इंट१२८' नावाचा मॅक्रो आपणहून लावून ठेवतात. त्याच्या मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोर असतात. 'जीसीसी डॅश-डीएम डॅश-ई', मग सुटा डॅश, आणि इनपुट म्हणून 'स्लॅश-डेव्ह-स्लॅश-नल' एवढे दिले की कंपाइलर आपले सगळे मॅक्रो छापतो. त्यात हे नाव ग्रेपने शोधा. क्षणाचे काम आहे. ते बिल्डच्या आधी केले असते, तर मुलांची ती दुपार वाचली असती.

तिसरी पायरी: चूक कोणत्या जातीची

कंपाइल होतानाच, एखाद्या फाइलीचे नाव आणि ओळ क्रमांक देऊन चूक आली, आणि तिच्यात इंट१२८ किंवा यूइंट१२८-टी असे नाव असेल, तर ती आपली मुख्य जात. सी++ मध्ये शब्दरचना बदलते. 'डझ नॉट नेम अ टाइप' किंवा 'अननोन टाइप नेम' असे काही येते. रोग तोच.

सगळ्या फाइली कंपाइल झाल्या आणि अगदी शेवटी, सगळे तुकडे जोडताना म्हणजे लिंक करताना, 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणत 'ॲटॉमिक-फेच-ॲड-८' असे नाव आले, तर ती दुसरी जात. शेवटचा ८ म्हणजे आठ बाइट, अर्थात ६४ बिट. एकाच वेळी अनेक थ्रेड (एकाच प्रोग्रॅममधली समांतर चालणारी कामे) हात लावतील अशी ६४ बिटची संख्या अतूटपणे बदलण्याची सूचना त्या प्रोसेसरकडे नाही, किंवा कंपाइलरला ती वापरायची परवानगी नाही. इंटेलच्या घराण्यात ही क्षमता १९९३ च्या पेंटियमबरोबर आली. जुन्या आर्म, ३२ बिटचे मिप्स आणि पॉवरपीसी यांच्यावर ही चूक नेहमीची आहे.

तिसरी जात: 'यूडिव्हडीआय३' हे नाव कर्नलचे मॉड्यूल बांधताना दिसले, तर कोणीतरी ६४ बिटचा भागाकार साध्या तिरप्या रेघेने केला आहे. साध्या प्रोग्रॅममध्ये ते फंक्शन जीसीसीची लायब्ररी पुरवते, पण कर्नल ती लायब्ररी जोडत नाही. तिथे 'डिव्ह-यू६४' सारखी कर्नलची स्वतःची फंक्शने वापरायची असतात. एवढेच.

आणि चौथी, गुपचूप जात: 'लाँग' हा टाइप ६४ बिटचाच आहे असे कोणी धरून चालले असेल, तर कंपाइलर कधी फक्त इशारा देऊन पुढे जातो. लिनक्सवर ३२ बिटच्या व्यवस्थेत लाँग चार बाइटचा आणि ६४ बिटच्या व्यवस्थेत आठ बाइटचा असतो. विंडोजवर तो दोन्हीकडे चारच. म्हणून रुंदी महत्त्वाची असेल तिथे 'इंट६४-टी' असे रुंदी सांगणारे नाव वापरावे. इशाऱ्यांच्या ओळी वाचत जा.

चौथी पायरी: दुरुस्ती, आणि एक गोष्ट जी करू नये

आधी न करायची गोष्ट. कंपाइलरला 'डॅश-डी' ने सांगता येते की इंट१२८ दिसेल तिथे लाँग लाँग समज. मुलांपैकी एकाला कोणीतरी हेच सुचवले. बिल्ड झाले, सगळ्यांना आनंद झाला, आणि उधाणाच्या दिवशी पाणी चढत असताना आलेखाची रेघ उतरत गेली. कंपाइलरने आधी खरे सांगितले होते, आपण त्याचे तोंड बंद केले. चुकीचा आकडा शांतपणे देणाऱ्या प्रोग्रॅमपेक्षा बिल्ड न होणारा प्रोग्रॅम कितीतरी बरा, कारण जेटीवरचा माणूस त्या आकड्यावर विश्वास ठेवून होडी सोडतो.

आता योग्य वाटा.

सर्वात सोपी म्हणजे प्रोसेसर ६४ बिटचा असेल तर व्यवस्थाही ६४ बिटची टाकणे. रास्पबेरी पाय ३ आणि पुढचे, तसेच २०२१ चा झीरो २ डब्ल्यू, हे सगळे ६४ बिटचे आहेत, आणि त्यांची अधिकृत ६४ बिटची प्रणाली फेब्रुवारी २०२२ पासून मिळते. मेमरी कार्डावर ती लिहिली की प्रश्नच संपतो. पहिला पाय आणि पहिला झीरो मात्र एआरएमव्ही६ जातीचे. त्यांच्यापुढे ही वाट नाही.

दुसरी वाट, प्रोग्रॅमच्याच पर्यायांत बघणे. पुष्कळ लायब्ररींत वेगवान १२८ बिटची वाट आणि सावकाश पण सगळीकडे चालणारी वाट अशा दोन्ही असतात, आणि कोणीतरी चुकून वेगवान वाट सक्तीने चालू केलेली असते. ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीचे उदाहरण घ्या. त्याच्या कॉन्फिगरमध्ये 'ईसी-एनआयएसटीपी-६४-जीसीसी-१२८' नावाचा पर्याय आहे. नावातच लिहिले आहे की त्याला ६४ बिटचे यंत्र आणि १२८ बिटचा टाइप लागतो. तो 'एनेबल' असेल तर काढून टाका, लायब्ररी बांधली जाईल. 'कॉन्फिगर डॅश-डॅश-हेल्प' किंवा इन्स्टॉलची फाइल वाचण्यात गेलेली दहा मिनिटे वाया जात नाहीत.

तिसरी वाट म्हणजे संकेतात हात घालणे, आणि खरे शिकायला मिळते ते इथे. हात घालण्याआधी कागद-पेन्सिल घ्या आणि एकच प्रश्न विचारा: ही संख्या जास्तीत जास्त केवढी होईल?

मुलांच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक नोंदीची वेळ १९७० पासूनच्या नॅनोसेकंदांत होती. ती आज सुमारे १७ वर १७ शून्ये इतकी आहे. ६४ बिटच्या चिन्हांकित टाइपची मर्यादा सुमारे ९२ वर १७ शून्ये. म्हणजे वेळेला नुसते सहाने गुणले तरी भांडे ओसंडते, आणि प्रोग्रॅम तर तिला मिलिमीटरमधल्या पाण्याच्या उंचीने गुणत होता, शिवाय दिवसभराची बेरीज घेत होता. लेखकाने १२८ बिट का वापरले ते इथे कळले.

पण पाण्याचा चढ-उतार काढायला १९७० पासूनची वेळ लागते कशाला? त्या दिवसाच्या मध्यरात्रीपासूनची पुरते. मध्यरात्र वजा केली. आता वेळ जास्तीत जास्त ८६४ वर ११ शून्ये. उंची चार हजार मिलिमीटर धरली तर एक गुणाकार सुमारे ३५ वर १६ शून्ये. एक बसतो, पण बेरीज? सर्वात वाईट धरले तर २७ व्या नोंदीलाच मर्यादा ओलांडते, आणि मिनिटाला एक नोंद म्हणजे दिवसाला १,४४० होतात. मग दुसरा प्रश्न: भरतीला नॅनोसेकंद हवेत का? नकोत. मिलिसेकंदसुद्धा गरजेपेक्षा बारीक. मिलिसेकंद घेतले आणि दिवसभराची बेरीज सर्वात वाईट धरूनही ५० वर १३ शून्ये भरली. ६४ बिटच्या भांड्यात ती तळाशी राहते.

१२८ बिटची गरजच नाहीशी झाली. बदल दोन ओळींचा होता. तो मुलांनी स्वतः, फळ्यावर शून्ये मोजत केला.

नेहमी इतके सोपे नसते. कूटलेखनाच्या लायब्ररीत ६४ बिटच्या दोन पूर्ण संख्यांचा गुणाकार खरोखरच १२८ बिटचा होतो, तिथे वजा करण्यासारखे काही नसते. अशा वेळी मॅक्रोवर फाटा द्यायचा. 'हॅश-इफडेफ' लावून साइझऑफ-इंट१२८ असेल तर जुना संकेत तसाच ठेवा, नसेल तर हातचा धरून केलेला गुणाकार वापरा. प्रत्येक संख्येचे ३२ बिटचे दोन तुकडे करा, वरचा आणि खालचा. दोन अंकी संख्यांच्या उभ्या गुणाकारात होतात तसे चार छोटे गुणाकार होतील. मधल्या दोघांची बेरीज करताना हातचा हरवू देऊ नका, चुका तिथेच होतात. सगळीकडे चिन्हविरहित टाइप वापरा. स्वतः लिहायचे नसेल तर सी++ मध्ये बूस्टची मल्टिप्रिसिजन लायब्ररी आहे, सी मध्ये जीएमपी आहे. गुप्ततेशी संबंध असलेला संकेत असेल तर स्वतः लिहूच नका, त्या प्रकल्पाची तपासलेली ३२ बिटची वाट शोधा.

ॲटॉमिकच्या चुकीवर उपाय छोटा आहे, पण त्यात एक खाच आहे. लिंक करताना 'डॅश-एल-ॲटॉमिक' जोडायचे, ही लायब्ररी जीसीसीबरोबरच येते. बरेच जण ते मेकफाइलच्या 'एलडीफ्लॅग्ज' मध्ये टाकतात आणि चूक तशीच राहते. कारण लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो, आणि एलडीफ्लॅग्ज सहसा ऑब्जेक्ट फाइलींच्या आधी येतात. त्या क्षणी लायब्ररी कोणालाच नको असते, म्हणून काही व्यवस्थांवर लिंकर ती सोडून देतो. ती 'लिब्ज' मध्ये, म्हणजे शेवटी टाका. ही लायब्ररी आतून कुलूप लावून काम भागवते हेही ध्यानात असू द्या. ते कुलूप एका प्रोसेसपुरते असते. दोन वेगळे प्रोग्रॅम सामायिक मेमरीतून तीच संख्या बदलत असतील, तर त्यावर विसंबता येत नाही.

रस्ट भाषा वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: तिथे १२८ बिटचे पूर्णांक २०१८ च्या १.२६ आवृत्तीपासून सगळीकडे चालतात, अडते ते 'ॲटॉमिकयू६४' वर. पोर्टेबल-ॲटॉमिक नावाचे क्रेट (रस्टची लायब्ररी) त्यासाठीच आहे.

पाचवी पायरी: बिल्ड झाले, आता आकडे तपासा

पायथनमधले पूर्णांक लागेल तेवढे मोठे होतात, म्हणून तोच तुमचा पंच. तेच गणित पायथनमध्ये करा आणि तुमच्या प्रोग्रॅमचे उत्तर शेजारी ठेवा. नेहमीचे आकडे देऊन भागणार नाही. शून्य, एक, ३२ बिटची कमाल, तिच्यापुढची एक, ६४ बिटची कमाल, आणि ऋण संख्या चालत असतील तर उलट टोकही द्या. 'डॅश-एफसॅनिटाइझ इज-इक्वल-टू अनडिफाइन्ड' लावून एकदा बांधले, तर चिन्हांकित संख्या ओसंडली की प्रोग्रॅम ओळ क्रमांकासह ओरडून सांगतो. चाचणी झाली की ते काढून पुन्हा बांधा, कारण त्याने वेग कमी होतो.

झीरोवर पुन्हा पुन्हा बांधण्यात दिवस जातो. ६४ बिटचा लॅपटॉप असेल तर त्यावर जीसीसीचे मल्टिलिब पॅकेज घालून 'डॅश-एम३२' ने बांधा. इंट१२८ ची चूक तिथेही जशीच्या तशी येते आणि दुरुस्तीची परीक्षा मिनिटांत होते. ॲटॉमिकची चूक मात्र तिथे दिसेलच असे नाही, ती खऱ्या यंत्रावर किंवा दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या क्यूईएमयू या प्रोग्रॅमवरच पाहा.

शेवटी, मूळ लेखकाला कळवा

दुरुस्ती आपल्याच कार्डावर ठेवू नका. पुढच्या आवृत्तीला तुम्ही पुन्हा तिथेच अडाल, आणि तुमच्यासारखे जुने यंत्र घेऊन बसलेले दुसरे कोणी तरी आजच अडलेले असेल. कळवताना चार गोष्टी द्या: डंपमशीनचे उत्तर, कंपाइलरची आवृत्ती, पहिली चूक तिच्या आधीच्या दोन-तीन ओळींसह, आणि तुम्ही केलेला बदल. "चालत नाही" एवढेच लिहिले तर समोरचा काही करू शकत नाही, कारण त्याच्याकडे तसे यंत्र नसते. तुमच्याकडे आहे. नवा बदल आला की मी त्यावर चाचणी करून देईन, असे एक वाक्य लिहा आणि ते पाळा.

देवगडच्या मुलांनी तो मजकूर स्वतः लिहिला. मध्यरात्र वजा करण्याचा बदल आणि फळ्यावरचा शून्यांचा हिशेब, दोन्ही त्यात जोडले. यंत्र आता जेटीच्या खांबाला प्लास्टिकच्या डब्यात बसवले आहे, खारे वारे लागू नयेत म्हणून झाकणाच्या कडेला सिलिकॉन भरून. भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत रेघ बेताने वरखाली होते. पौर्णिमेला ती चढते तेव्हा मुले खाली पाण्याकडे बघतात आणि मग पडद्याकडे.